सेकंड हँड कॅनव्हास तंबू घेताय? पैसे देण्याआधी या गोष्टी तपासा

सांगाड्यावर उभा राहणारा मोठा कॅनव्हास तंबू कुटुंबासाठी सोयीचा असतो. आत ताठ उभं राहता येतं आणि सुती कापडामुळे नायलॉनपेक्षा कमी कोंदटतं. पण जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि ऊनच कापडाला विरवतं.

कापड कसं तपासायचं?
छताचं कापड दोन्ही हातांनी ताणून पाहा. सहज फाटलं तर व्यवहार तिथेच थांबवा, कारण विरलेलं कापड शिवूनही टिकत नाही. काळे ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी. छतावर बादलीभर पाणी ओता. सुती धागे भिजून फुगतात आणि बारीक छिद्रं बुजतात. त्यानंतरही शिवणीतून धार लागली तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.

सांगाडा पूर्ण आहे का?
विकणाऱ्याला तंबू समोर उभा करायला सांगा. जुन्या मॉडेलची हरवलेली नळी सहसा मिळत नाही. गंजलेले जोडही बघा.

काळ्या मातीत काय होतं?
ही माती भिजली की खुंट्यांची पकड सुटते. अवकाळी पावसात वारा आला तर तंबू उलटू शकतो. लांब खुंट्या घ्या, उंचवट्याची जागा निवडा.

हे विसरू नका
तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत जीव जाऊ शकतो. आणि तंबू पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.