प्लेटलेट कमी झाल्या म्हणजे नेमकं काय?

माढ्यासारख्या पाणीटंचाईच्या तालुक्यात आपण बॅरल, टाक्या, हौद भरून ठेवतो. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि दिवसा चावतो. म्हणून पावसाळ्यात घरोघरी एकच सवाल असतो, 'प्लेटलेट किती आल्या?'

प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी. त्या हाडांच्या मगजात तयार होतात आणि 8 ते 10 दिवस जगतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. त्या कमी व्हायचं कारण दरवेळी डेंग्यूच असतं असं नाही. मलेरिया, बी-12 ची कमतरता, लिव्हरचा आजार, काही औषधं, क्वचित रक्ताचा कॅन्सर यानेही त्या घटतात. गरोदरपणात थोड्या कमी होणं नेहमीचं आहे. कधी नळीत पेशींच्या गुठळ्या होतात आणि मशीन आकडा कमी दाखवतं. अशा वेळी काचपट्टीवर तपासणी करून घ्यावी.

डेंग्यूत आपण आकड्याला घाबरतो, पण खरा धोका ताप उतरल्यावर असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप जातो, घरचे म्हणतात 'अल्हमदुलिल्लाह, बरं झालं', आणि नेमकं तेव्हाच रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपू लागतं. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शौच, थंड हातपाय, कमी लघवी, सुस्ती, यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका. माढ्याचं किंवा कुर्डुवाडीचं सरकारी रुग्णालय गाठा. गरज पडली तर तिथून सोलापूरला सिव्हिलला.

रक्तस्राव नसेल तर 40 हजारांवर प्लेटलेट चढवायची गरज सहसा नसते. 10 हजारांच्या खाली किंवा रक्त जात असेल तर डॉक्टर ठरवतात. पिशवीतल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे नाहक मागणी केली की दुसऱ्याच्या पेशंटला कमी पडतात.

पपईच्या पानांचा रस पाजणारे आपल्याकडे खूप. त्याच्या भरवशावर ओआरएस आणि पाणी थांबवू नका. तापाला पॅरासिटामॉलच, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका. हृदयरोगासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. प्लेटलेट कमी असताना हिजामा करू नये, कमरेत इंजेक्शनही टाळावं. रमजानमध्ये आजाऱ्याला रोजा सोडायची सवलत आहेच, नंतर कजा करता येते.

बॅरल आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. मशिदीचा वुजूचा हौद रिकामा करणं अवघड असेल, तर त्यात गप्पी मासे सोडावेत.