भोकरदनची हस्तिदंती मूर्ती

बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या भोकरदन (जि. जालना) येथील उत्खननात सापडलेली सातवाहनकालीन स्त्रीमूर्ती. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूतच्या दानलेखांत येथील दात्यांचे उल्लेख आहेत. शां. भा. देव व र. श्री. गुप्ते यांनी १९७३ मध्ये येथे उत्खनन केले. मूर्ती खंडित आहे. मुख्य स्त्रीच्या दोन्ही बाजूंस परिचारिका कोरल्या आहेत. हीच मांडणी इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या, नेपल्सच्या संग्रहालयातील सुमारे २४ सेंमी. उंचीच्या मूर्तीत दिसते. पाँपेईच्या या मूर्तीला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी ती यक्षी असण्याचाच संभव अधिक. तिच्या डोक्यातून खाली भोक पाडलेले असल्याने ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावी. पाँपेई इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेल्याने त्याआधीच ती तेथे पोचली होती, हे नक्की. दख्खनमधीलच तेर येथील हस्तिदंती मूर्तीही याच धाटणीची. यावरून पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडल्याचे मानतात. मात्र तिच्यावरील खरोष्ठी लिपीतील अक्षर भारताच्या वायव्येकडे बोट दाखवते आणि ते नजरेआड करता येत नाही.