बालकांच्या सामाजिक आकलनाचे मापन

बोलू न शकणाऱ्या बाळाची सामाजिक समज त्याच्या वागण्यावरूनच मोजावी लागते: ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसणे, परक्याला बुजणे, टाटा करणे. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांवरील अभ्यासातून विकसित केलेल्या ‘डासी’ श्रेणीत ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी ६७ कारक व १६३ मानसिक बाबी आहेत. सामाजिक प्रतिसाद आणि अनुकरण यांचा समावेश मानसिक बाबींत होतो. तिची पुस्तिका १९९० च्या दशकात पुण्याहून प्रसिद्ध झाली.

एडगर डॉल यांच्या सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूपांतर नागपूरला ए. जे. मॅलिन यांनी केले. तिच्यात पालकांच्या मुलाखतीवरून सामाजिक गुणांक काढतात. मात्र ती स्वतःच्या हाताने जेवण्यासारखी कौशल्येही मोजत असल्याने, मूल मोठे झाल्यावरही त्याला हाताने भरवणाऱ्या घरातले समजूतदार मूल त्यात मागे पडू शकते. बोलू लागलेल्या मुलाची समज थेट प्रश्न विचारूनही तपासता येते: दुसऱ्याचा चुकीचा समज ओळखण्याची व्हिमर-पर्नर चाचणी (१९८३) बहुतेक मुलांना चौथ्या-पाचव्या वर्षी जमते.