कलमी शाक

बंगालमध्ये बदलून आलेल्या मराठी माणसाने बाजारात ‘कलमी’ हा शब्द प्रथम ऐकला की त्याला आंबा आठवतो. वस्तुतः कलम करण्याशी या भाजीचा काही संबंध नाही. संस्कृतातील ‘कलम्बी’चेच हे बंगाली रूप. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने तिला ‘शतपर्वी’, म्हणजे शंभर पेरांची, असेही म्हटले असून बाळंतिणीचे दूध वाढविणारी म्हणून गौरविले आहे. आपल्याकडची नाळीची भाजी ती हीच. दांडा पोकळ, म्हणून वेल पाण्यावर तरंगतो आणि पेरापेराला मुळे फुटतात. रताळे हे तिचे सख्खे भावंड.

दक्षिण चीनमधील वनस्पतींवरचा एक ग्रंथ जी हान याच्या नावावर असून तो इ. स. ३०४ चा मानला जातो. त्यात बोरूचे तराफे विणून, त्यांना भोके ठेवून, त्यांतून ही भाजी वाढविण्याची रीत दिली आहे. पाणी चढले की शेतही चढते, उतरले की उतरते! भूमिहीनाला याहून सोयीची शेती कोणती? युरोपीय शास्त्रातले तिचे नाव पेटर फोर्स्काल याचे. तो १७६३ मध्ये येमेनात वारला आणि त्याची टिपणे सहप्रवासी नीबूर याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केली.

परंतु या भाजीचा खरा इतिहास भुकेचा आहे. जपानी अंमलाखालील सिंगापुरात (१९४२–४५) तांदूळ दुर्मीळ झाला, तेव्हा कंदमुळांबरोबर तिच्यावर लोकांनी दिवस काढले. बंगालमध्ये १९४३ साली गावोगाव माणसे तळी-डबकी धुंडाळून शाकपाला खुडीत होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज पंधरा लाख केला. पुढील अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. व्हिएतनामच्या १९५४ च्या फाळणीनंतर दक्षिणेत आलेल्या उत्तरेकडील निर्वासितांना तर तेथील लोक या भाजीच्या नावानेच हिणवीत. अमेरिकेत मात्र ती कालवे तुंबविणारी म्हणून उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहे. रकाना बदलला की वस्तूची जात बदलते, हे आम्हा कारकुनांना नवे नाही.

बंगाली गृहिणी ती लसूण, सुकी मिरची व कलौंजीच्या फोडणीत परतते. पाणी घालीत नाही, कारण भाजीलाच ते सुटते. कच्ची मात्र खाऊ नये, पाण्यातील जंतांची अंडी पाल्यास चिकटलेली असू शकतात. गटाराच्या पाण्यावर पोसलेली जुडी कितीही टवटवीत दिसली तरी घेऊ नये. ती पाण्यातील जड धातू शोषून घेते, आणि ते धुण्याने जात नाहीत.