गणितातले काँक्रीट कधी तडकले?

शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावरची काळी शिळा उघड्यावर उभी आहे. तिला छप्पर नाही, आणि शनी अमावास्येला तिच्यावरची तेलाची धार थांबत नाही. 2025 च्या सुरुवातीला देवस्थानाने भाविकांना सांगितले, की यापुढे शुद्ध तेलच वाहावे. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते. घरांना दारे नसलेल्या या गावाच्या बातम्या एरवी चोरीच्या आणि कुलपांच्या असतात. ही बातमी मात्र पदार्थविज्ञानाची होती. दगड काळाबरोबर बदलतो, हे एका देवस्थानाने जाहीरपणे मान्य केले होते. अभियांत्रिकीच्या गणिताला तेवढे मान्य करायला शंभर वर्षे लागली, आणि त्यातला मोठा धडा महाराष्ट्रातल्याच एका धरणाने दिला.

मुंबईला पाणी पुरवायचे, तर उंच दगडी धरणाचा छेद कसा असावा? हा प्रश्न मुंबई पालिकेचे अभियंते कॅप्टन टुलक यांनी ग्लासगोच्या विल्यम रँकिन यांच्याकडे नेला. 1872 मध्ये छापलेल्या अहवालात रँकिन यांनी दंडक घातला: बांधकामात दाब चालेल, ताण नको. चुन्याच्या पकडीवर ताणाखाली भरवसा ठेवता येत नाही, हे त्यामागचे कारण. नियम शहाणपणाचा होता, पण त्यामुळे एक सवय लागली. दगड कधी तुटणारच नाही असा आकार द्यायचा, आणि मग गणितात त्याचे गुणधर्म पहिल्या दिवशीचेच कायम धरायचे.

शिंगणापूरच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले. 82 मीटर उंचीचे हे दगडी धरण त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले, आणि त्याच्या पाण्यावर नगर जिल्ह्यातला ऊस उभा राहिला. पण असल्या बांधकामात मुरणारे पाणी चुना विरघळवत राहते. तो बाहेर येतो, पांढरा साका होऊन ओघळतो, आणि आत पोकळ्या राहतात. 1969 मध्ये भंडारदऱ्याला तडे आणि गळतीने गंभीर रूप धरले. पुढे धरणाच्या पाठीला टेकूभिंती देऊन ते सावरले. चाळीसेक वर्षांत पदार्थ बदलला होता, आणि मूळ हिशेबात त्या बदलाला जागाच नव्हती.

कोयना धरणात मात्र असा बदल काही सेकंदांत घडला.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सव्वाचारनंतर पाटण तालुक्यातले कोयनानगर भूकंपाने हादरले. सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, हजारो जखमी झाली. 103 मीटर उंचीचे रबल काँक्रीटचे धरण टिकले, पण मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो तिथे, पायापासून साधारण 66 मीटरवर, त्याच्या खंडांना आडव्या भेगा पडल्या. आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वाच्या पाच टक्के धरला होता. धरणातच बसवलेल्या यंत्राने नोंदवलेला सर्वोच्च आडवा जोर, पाण्याच्या दिशेने, जवळजवळ 49 टक्के होता. त्या यंत्राची नोंद हीच या दुर्घटनेची शास्त्राला मिळालेली सर्वांत मोठी देणगी. धक्का मोजलेला, भेगा डोळ्यांसमोर, आणि धरण उभे: असे उदाहरण जगात क्वचित मिळते.

अशा भेगांचा हिशेब मांडायला बर्कलीत तोवर साधन तयार झाले होते: बांधकामाचे छोटे तुकडे पाडून एकेकाचा ताण काढायचा. रे क्लफ यांनी 1960 मध्ये त्याला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रूढ केले, आणि या पद्धतीच्या पहिल्या मोठ्या कामांत अमेरिकेतल्या नॉरफोर्क धरणाची भेग होती. बर्कलीचेच अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी 1973 मध्ये कोयनेचा हिशेब छापला. ताण नेमका त्या उताराच्या सांध्यापाशी काँक्रीटच्या ताकदीबाहेर जातो, हे त्यांनी दाखवले. पण त्या हिशेबातले काँक्रीट तडकत नव्हते. ताकद ओलांडल्यावरही ते पहिल्याइतकेच ताठ राहायचे. भेग कुठे सुरू होईल ते कळले. ती कुठवर जाईल, हे नाही.

त्यासाठी गणित चालू असतानाच पदार्थ बदलावा लागतो. लेनिनग्राडच्या लाझार काचानोव यांनी 1958 मध्ये पदार्थाची हानी एका आकड्यात मोजण्याची कल्पना मांडली होती. 1989 मध्ये लुब्लिनर आणि त्यांचे बार्सिलोनाचे सहकारी, 1998 मध्ये ली आणि फेनवेस, यांनी ती काँक्रीटला नीट बसवली. संगणक भूकंपाचे सेकंद बारीक टप्प्यांत तोडतो. प्रत्येक टप्प्यात धरणातल्या प्रत्येक बिंदूचा ताण तपासतो. मर्यादा ओलांडली, की त्या बिंदूच्या खात्यात हानी लिहितो आणि त्याचा ताठरपणा कमी करतो. भार शेजाऱ्यांवर सरकतो, पुढचा टप्पा या बदललेल्या धरणावर चालतो. खात्यातली हानी कधी पुसली जात नाही. पण धरण उलट झुकले, की भेग मिटते आणि दाब पुन्हा पेलते; हे गणितात घातले नाही, तर उभे धरण पडद्यावर कोसळते. दुसरी खोच आणखी फसवी. धरणाचे तुकडे जितके बारीक पाडावेत, तितकी भेग अरुंद आणि स्वस्त होत जाते, उत्तर तुकड्यांच्या आकारावर अवलंबून राहते. म्हणून भेग उघडायला क्षेत्रफळामागे किती ऊर्जा लागते, हे वेगळे ठरवावे लागते.

आज अबॅकससारख्या संगणक प्रणालीच्या पुस्तिकेत कोयना धरण हे नमुना उदाहरण आहे: ताठरपणा सुमारे 31,000 मेगापास्कल, ताणाची ताकद 2.9. जगभरचे विद्यार्थी ते सोडवतात. त्यांतल्या किती जणांना पाटण तालुका ठाऊक असेल, हा वेगळाच प्रश्न. प्रत्यक्षातल्या कोयनेला मागून काँक्रीटचे टेकू चढवले, आणि सांडव्याचे मजबुतीकरण 2006 च्या सुमारास झाले.

अकोले तालुक्यातच, घाटघरला, या गणिताची उलटी बाजू दिसते. तिथल्या उदंचन प्रकल्पाची धरणे देशातली पहिली रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे आहेत. अशा बांधकामात खालचा थर आठवड्यांचा, वरचा आजचा. प्रत्येक थर आधी तापतो, मग घट्ट होतो, नंतर थंड होताना आकसतो. तिथे ताठरपणा कमी होत नाही, वाढतो. आणि हिशेबात नवा थर आधीचा भार न घेता जन्माला यावा लागतो.

देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, त्यांतली काही शंभरीला टेकली. धरण सुरक्षा कायदा 2021 पासून त्यांची सर्वंकष तपासणी मागतो. तपासणी करताना जलसंपदा विभागाने धरणांच्या गाभ्यातून काढलेले नमुने आणि त्यांच्या चाचण्यांचे आकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुले करावेत. जुन्या संकल्पचित्रातला ताठरपणा आजच्या गणितात भरून काही कळणार नाही.