वहीत चालणारा गेम

१९७३ साली अमेरिकेत डेव्हिड आल यांनी ‘बेसिक’ भाषेतल्या १०१ गेम्सचा कोड पुस्तकात छापला. डाउनलोड हा प्रकारच नव्हता. वाचक ओळ न् ओळ टाइप करून गेम उभा करत. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो आले, तेही बेसिकवालेच.

आम्ही मावळातली पोरं लोणावळा लोकलने पुण्याला जायचो आणि अप्पा बळवंत चौकातून असली जुनी पुस्तकं आणायचो. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून कोड वहीत उतरवून एकमेकांवरच चालवायचो. एक जण मशीन व्हायचा; १ ते १०० मधला आकडा मनात धरून फक्त ‘मोठा’ किंवा ‘लहान’ म्हणायचा. दरवेळी उरलेल्या आकड्यांतला मधला विचारला, की सात प्रयत्नांत उत्तर हमखास सापडतं. पुढे कॉम्प्युटर मिळाला, तेव्हा फक्त टाइप करणं बाकी होतं.