भायखळ्यात छापलेलं रियाध

शुक्रवारी संध्याकाळी रियाधच्या बत्हा भागात पाय ठेवायला जागा नसते. आठवड्याची सुट्टी, त्यामुळे मल्याळी, बंगाली, उर्दू, तगालोग, येमेनी अरबी असं सगळं एकाच फुटपाथवर ऐकू येतं. सिमकार्डं, घड्याळं, गावी न्यायच्या मोठाल्या बॅगा, आणि दर काही दुकानांनंतर घरी पैसे पाठवायचं एक ऑफिस. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांचा या गर्दीशी संबंध आहे. कुणाचे चाचा, कुणाचा मामा 'सौदीला' असतो. त्यामुळे आपण धरून चालतो की हे नातं तेलाच्या पैशामुळे जुळलं. खरं तर ते त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं आहे, आणि तेव्हा माणसं उलट्या दिशेनेही येत होती.

आधी नाव बघू. अरबीत 'बत्हा' म्हणजे पुराचं पाणी ओसरल्यावर उरणारं वाळू-खड्यांचं पात्र. मराठीत याला चपखल शब्द आहे: वाळवंट. राजस्थानातलं नव्हे, पंढरपुरातलं, चंद्रभागेचं. जुन्या, तटबंदीतल्या रियाधच्या पूर्वेला असा एक ओढा होता, पाऊस पडला तरच वाहणारा. शहर वाढलं, त्याच्यावर रस्ता आला आणि ओढ्याचं नाव बाजाराला चिकटलं.

या शहराची गाठ मुंबईशी कशी पडली? एकोणिसाव्या शतकात इराणच्या आखातातला ब्रिटिश कारभार लंडनहून थेट चालत नसे. बुशहरचा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. त्या पदावरचा लुईस पेली १८६५ मध्ये कुवेतहून उंटांवरून रियाधला गेला आणि इमाम फैसल बिन तुर्की यांना भेटला. इमाम तेव्हा वृद्ध होते, दृष्टी गेलेली होती. पेलीने रियाधचे अक्षांश-रेखांश मोजले आणि प्रवासाचा अहवाल लिहिला. तो १८६६ मध्ये सरकारसाठी छापला गेला भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात. म्हणजे रियाधबद्दलच्या सुरुवातीच्या इंग्रजी वर्णनांपैकी एकाचे खिळे मुंबईत जुळवले गेले.

पेलीच्या आधीपासून नज्दचे, म्हणजे रियाधच्या आसपासच्या मध्य अरबस्तानातले, व्यापारी मुंबई ओळखून होते. ते घोडे गोळा करायचे आणि बसरा, कुवेतच्या बंदरांतून बोटीने मुंबईला आणायचे. गिऱ्हाईक ठरलेलं: लष्कराचं घोडदळ, संस्थानिक, शर्यतींचे शौकीन. पुढे मोत्यांचा व्यापारही असाच मुंबईकडे वळला. आखातातल्या खेड्यांत काढलेला मोती इथल्या बाजारात यायचा, इथेच त्याचा भाव ठरायचा. कमवायला जायचं शहर तेव्हा मुंबई होतं.

नाणंही इथलंच. अरबस्तानाच्या पूर्व किनाऱ्यावर, अल-अहसाच्या बाजारात, भारतीय रुपया सर्रास चालायचा. सौदी अरेबियाने १९३५-३६ च्या सुमारास चांदीचा रियाल लहान केला, तेव्हा त्याचं वजन आणि त्यातली चांदी रुपयाच्या बरोबरीने ठेवली: साधारण ११.६ ग्रॅम, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. आज बत्हातला कामगार मोबाइलवर रियालचा रुपयातला भाव बघत असतो. तेव्हा दोन्ही नाणी तराजूत सारखी भरत.

बत्हातल्या पैसे बदलायच्या दुकानांवर अरबीत 'सिराफा' लिहिलेलं दिसतं. आपला 'सराफ' त्याच धातूतून आलेला. दुकान, दलाल, हमाल, हिशेब, रक्कम हे शब्दही मुळात अरबीच, बरेचसे फारसीमार्गे मराठीत मुरलेले. बाजाराची भाषा आधीच सामायिक होती.

मग १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि वाट फिरली. कोकणातल्या खलाशांच्या घराण्यांना समुद्रापार जाऊन कमावणं नवं नव्हतंच, त्यांनी फक्त दिशा बदलली.

पण या दोन प्रवासांत एक मोठा फरक आहे. घोडे घेऊन मुंबईत उतरलेला नज्दी व्यापारी आपला माल हव्या त्या गिऱ्हाइकाला विकायचा आणि स्वतःच्या मर्जीने परतायचा. बत्हातल्या आपल्या माणसाचा व्हिसा एका मालकाच्या, कफीलच्या, नावाशी बांधलेला राहिला. मार्च २०२१ पासून काही अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येऊ लागली, पण घरकाम करणारे आणि घरचे ड्रायव्हर त्यातून वगळले गेले. आणि अडसर तिकडेच नव्हते. १९८३ च्या आपल्या स्थलांतर कायद्याखाली दहावी न झालेल्या कामगाराला सौदीला जायला वेगळी सरकारी परवानगी लागते. एका मार्कशीटवरून विमानतळावरची रांग ठरते.

आपल्यातले बरेच जण शिक्षणाच्या जोरावर परदेशी आले. घरी आपला उल्लेख 'परदेशात असतो' असा होतो आणि चाचांचा 'गल्फला लेबर आहेत' असा. इतिहास या दोन वाक्यांत इतका फरक करत नाही. त्यांचा रस्ता आपल्या रस्त्याहून जुना आहे, फक्त त्यावरून चालताना त्यांच्या हातात पडलेले कागद वेगळे होते. पेलीचा अहवाल सरकारने छापला म्हणून टिकला. चाचांची पत्रं, कॅसेटवर बोलून पाठवलेले निरोप, पैसे पाठवल्याच्या पावत्या ट्रंकेत पडून आहेत. त्या ट्रंका रिकाम्या करून भंगारात जायच्या आधी कुणीतरी उघडून बघायला हव्यात.